पोट उघडावे लागले म्हणजे सर्जन चुकला का?

पित्ताशयाच्या खड्यांसाठी ऑपरेशन ठरले की रुग्णाच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास येतो. मला तो प्रथम माझ्या आतेभावाने पाठवला, तोही मी तीच ऑपरेशने करतो हे पुरते ठाऊक असताना. त्याचा आशय असा: दुर्बिणीच्या ऑपरेशनात तीन-चार भोके पडतात, त्यामुळे धोका जवळजवळ नसतो, मध्येच पोट उघडावे लागले तर डॉक्टरांना ते जमले नाही असे समजावे, पित्तनलिकेला इजा झाली तर तो सरळसरळ निष्काळजीपणा आहे, ऑपरेशननंतर पोट दुखते ते गॅसमुळे, तेव्हा आठवडाभर घाबरू नये, आणि टाके सुकले की विषय संपला. या पाचही विधानांत खऱ्याचा थोडाथोडा अंश आहे आणि त्यामुळेच ती पटतात.

जखम लहान असल्याचे फायदे खरे आहेत. दुखणे कमी होते, जखमेत पू होण्याचे प्रमाण घटते आणि माणूस लवकर कामाला लागतो. एरिश म्यूह या जर्मन सर्जनांनी 1985 साली या पद्धतीने पित्ताशय काढले आणि 1990 मध्ये डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती भारतात आणली, तेव्हापासून या फायद्यांविषयी फारसा वाद उरलेला नाही. मात्र धोका कातडीच्या छेदात नसतो, तो आत असतो, आणि आतले पित्ताशय, यकृत व पित्तनलिका दोन्ही पद्धतींत त्याच असतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारी एक-दोन मानले जाते. दुर्बिणीची पद्धत रुळली त्या काळात ते हजारी तीन ते पाचच्या आसपास नोंदले गेले, म्हणजे छेद लहान झाला आणि ही एक गुंतागुंत वाढली. शिवाय पोटात पहिली सुई किंवा नळी घालताना आतडे वा मोठी रक्तवाहिनी दुखावण्याचा धोका फक्त याच पद्धतीत असतो. तो साधारण हजारात एक इतका लहान आहे, पण शून्य नाही, आणि तो टाळण्यासाठी अनेक सर्जन बेंबीजवळ लहानसा छेद देऊन डोळ्यांदेखत नळी आत सरकवतात.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते रुग्णाची दिशाभूल तर करतेच, शिवाय टेबलापाशी उभ्या असलेल्या सर्जनच्या मनावरही दडपण आणते. बाहेर बसलेले नातेवाईक पोट उघडण्याला अपयश समजणार आहेत, हे ज्याला माहीत असते तो थांबायला हवे तिथे आणखी दहा मिनिटे रेटतो. सुजलेल्या पित्ताशयाच्या मानेपाशी चरबी, सूज आणि जुने चिकटलेले पडदे यांचा असा गोळा झालेला असतो की कोणती नळी पित्ताशयाची आणि कोणती यकृताकडून येणारी मुख्य, हे ओळखणे अवघड जाते. स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये यासाठी एक कसोटी मांडली: पित्ताशयाची मान, त्याची नलिका आणि यकृत यांमधला त्रिकोण चरबी व तंतूंपासून पूर्ण मोकळा करावा, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश हिस्सा यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, म्हणजे त्याची नलिका व रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये. हे दृश्य मिळाले नाही तर बेत बदलायचा असतो.

बेत बदलण्याचे मार्ग अनेक आहेत. पित्ताशयाचा मानेकडचा धोकादायक भाग तसाच ठेवून उरलेला काढता येतो, आणि पित्ताशयाच्या सुजेवरील उपचारांसाठीच्या 2018 च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांत अवघड प्रसंगी या पर्यायाला स्पष्ट स्थान दिलेले आहे. रुग्णाची अवस्था नाजूक असेल तर पित्ताशयात केवळ नळी ठेवून बाहेर पडता येते, अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावता येते, किंवा पोट उघडता येते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती म्हणजे पोट उघडले की सारे सुरक्षित होते, असेही नाही. दुर्बिणीवरच शिकलेल्या पिढीने उघड्या पद्धतीने पित्ताशये फारशी काढलेली नसतात आणि नेमके सर्वांत अवघड पित्ताशय तिच्या वाट्याला उघड्या पोटाने येते. म्हणून पोट उघडले की नाही, यापेक्षा सर्जन कोणत्या क्षणी थांबला आणि त्याने कोणता पर्याय निवडला, हे विचारणे अधिक योग्य आहे.

या निर्णयाची चर्चा ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवी, यालाही कारण आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला. त्या रुग्णाच्या संमतिपत्रात दुर्बिणीची तपासणी व शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास पोट उघडणे इतकेच लिहिलेले होते. रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईला विचारून गर्भाशय व अंडाशय काढले गेले आणि न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. त्यामुळे पोट उघडावे लागू शकते, हे वाक्य छापील कागदावर असणे पुरेसे नाही. ते का लागू शकते, हे रुग्णाला बसवून सांगितलेले असले पाहिजे.

पित्तनलिकेला इजा झाली की तो निष्काळजीपणाच, हे तिसरे विधान कायद्यालाही मान्य नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केले की निर्णयातील साधी चूक किंवा अपघात म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा 252 इजांचे विश्लेषण केले, तेव्हा 97 टक्के प्रसंगी मूळ कारण दृष्टिभ्रमाचे निघाले. सर्जनने मुख्य नलिकेलाच पित्ताशयाची नलिका समजले होते आणि आपण चुकत आहोत अशी शंकाही त्याला आली नव्हती. हाताच्या कौशल्यातील दोष फार थोड्या प्रसंगी आढळला. ज्या चुकीत माणसाला स्वतःबद्दल संशयच येत नाही, तिथे त्याचा आत्मविश्वास उपयोगी पडत नाही, म्हणूनच वर सांगितलेल्या कसोटीचे महत्त्व.

तरीही मी सरसकट आमच्या बाजूने बोलणार नाही. इजा होणे आणि इजेनंतर जे घडते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोष बहुधा दुसऱ्या टप्प्यात सापडतो. वे यांच्याच गटाने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इजा केलेल्या सर्जननेच पहिली दुरुस्ती केली तेव्हा ती केवळ 17 टक्के रुग्णांत यशस्वी झाली, तर पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञांनी केलेली 94 टक्के रुग्णांत. आकडे जुने असले तरी त्यांतली दरी पुरेशी बोलकी आहे. तेव्हा इजा टेबलावरच लक्षात आली आणि अशी दुरुस्ती करण्याचा अनुभव हाताशी नसेल, तर पोटात निचऱ्याची नळी ठेवून, ऑपरेशनची खरी नोंद लिहून रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवणे हाच योग्य उपचार असतो. उशिरा कळले तर आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणतात आणि साठलेले पित्त बाहेर काढतात. लहान गळती ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचून, स्टेंट (बारीक नळी) टाकल्याने बहुधा थांबते. मुख्य नलिका कापली गेली असेल तर सूज ओसरण्यासाठी अनेकदा काही आठवडे थांबून आतड्याचा एक वळसा वर आणून नलिकेला जोडला जातो. हे थांबणे नातेवाइकांना चालढकल वाटते, परंतु सुजलेल्या ऊतींत टाके टिकत नाहीत.

गॅसचे म्हणणे अर्धे खरे आहे. पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्याने श्वासपटल चाळवते आणि दुखणे उजव्या खांद्यात जाणवते. ते दोन-तीन दिवसांत ओसरते. पण पोटाचे दुखणे दररोज थोडे कमी झाले पाहिजे. ते वाढत असेल, पोट फुगत असेल, उलट्या थांबत नसतील, नाडी जलद चालत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर आठवडा काढणे जिवावर बेतू शकते. आतड्याला झालेली इजा कित्येकदा ऑपरेशनच्या वेळी दिसतच नाही, आणि विद्युत उपकरणाच्या उष्णतेने भाजलेला भाग तर काही दिवसांनी फुटतो, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर. अशा रुग्णांत सुरुवातीला कित्येकदा ताप नसतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नसतात, एखाद्या छिद्राजवळच तेवढे जास्त दुखते. अशा वेळी सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून निश्चिंत राहू नये, सीटी स्कॅन करावा. शंका उरलीच तर पुन्हा दुर्बीण घालून पाहण्यात कमीपणा नाही.

टाके सुकले की विषय संपला, हे आपल्याकडच्या रुग्णांना तर मुळीच सांगू नये. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बरे झालेल्या छिद्रापाशी गाठ येते, पातळ पू वाहू लागतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो थांबत नाही. मग साखर तपासली जाते, टाक्याच्या धाग्याला दोष दिला जातो आणि महिने जातात. कारण पुष्कळदा क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पाण्यात आणि मातीत वाढणारे वेगळे मायकोबॅक्टेरिया हे असते. दुर्बिणीची हत्यारे लांब, पोकळ आणि सांध्यांची असतात. ती पूर्ण न सोडवता, आतून न घासता ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटे बुडवली आणि नळाच्या पाण्याने धुतली, तर हे जंतू टिकून राहतात. त्याच द्रावणाने खऱ्या अर्थाने निर्जंतुकीकरण व्हायचे तर दहा तास लागतात, आणि एका दिवसात पाच ऑपरेशने असलेल्या ठिकाणी तेवढा वेळ कोण देतो, हे मी ओळखून आहे. अशा जखमेतला पू किंवा ऊतीचा तुकडा मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरसाठी मुद्दाम सांगून पाठवावा लागतो, कारण साध्या कल्चरमध्ये ते सहसा सापडत नाहीत. क्षयाची नेहमीची औषधे त्यांवर बहुधा चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधे कल्चरच्या अहवालानुसार काही महिने द्यावी लागतात आणि अनेकदा तो भाग कापून काढावा लागतो.