आधी अपडेट, मग रामरक्षा

अपडेटचा मुहूर्त एकच: रात्रीचे पावणेबारा, आणि सकाळी नऊला काहीतरी सादर करायचं असावं. बॅकअप घेऊ नका. घरच्या पीसीवर एवढा अविश्वास बरा दिसत नाही.

मध्येच उबुंटू (विंडोजच्या जागी पीसी चालवणारी प्रणाली) विचारेल, ग्रब, म्हणजे पीसी लावल्यावर मला उठवणारा प्रोग्राम, कुठल्या डिस्कवर टाकू? हा प्रश्न वाचायचा नसतो. सोसायटीच्या सभेत मागचं इतिवृत्त मंजूर करता, त्याच बेफिकिरीनं पहिल्या नावासमोर खूण करा आणि एंटर मारा. पीसी सुरू होतो दुसऱ्याच डिस्कवरून, हे सकाळपर्यंत कळलं तरी चालतं.

रिस्टार्ट करा. काळ्या पडद्यावर येईल: 'ग्रब_कॅलॉक' सापडत नाही. खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. (रेस्क्यू कोणाचा, ते लिहिलेलं नसतं.) 'हेल्प' टाइप करून बघा, ही आज्ञा मला माहीत नाही, असं उत्तर मिळेल.

खचू नका. 2020च्या जुलैअखेर 'बूटहोल' नावाचं ग्रबच्या सुरक्षेतलं भगदाड बुजवणारं अपडेट आलं, तेव्हा पुष्कळांनी हीच ओळ वाचली. भानगड लग्नाच्या पंगतीसारखी. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत ग्रबला जेमतेम 446 मिळतात, तेवढ्यात तो फक्त आतल्या आचाऱ्याला, म्हणजे स्वतःच्याच मुख्य भागाला, हाक मारतो. नवा आचारी तुम्ही भलत्याच डिस्कवर पाठवलात. इथे आचारी जुना, वाढपी (ग्रबचे बाकीचे सुटे भाग) मात्र नवे. ते पंगतीतून ओरडतात "मठ्ठा आणा!", आणि आचाऱ्याला मठ्ठा, म्हणजे ते 'ग्रब_कॅलॉक', हा शब्दच ठाऊक नाही.

आता बायॉसमध्ये (पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) शिरा आणि दिसेल ते बदला. आधी काय होतं ते लिहून ठेवलंत तर मजा गेली. एकदा केबल काढून, फुंकर मारून परत लावा. मग साडेबाराला भाच्याला उठवा.

"मामा, काय केलंस?"

"काही नाही रे, आपोआप झालं."

तो लाइव्ह पेनड्राइव्ह मागेल. तो तुमच्याकडे होता, गेल्या दिवाळीत पुसून त्यावर मुंजीचे फोटो भरलेत. शेजाऱ्याचा लॅपटॉप मागून नवा बनवा. त्यावरून पीसी सुरू करायचा, डिस्कवरचं जुनं पार्टिशन माउंट करायचं (जोडून घ्यायचं), आत क्रूट करून (म्हणजे जुन्या उबुंटूतच शिरून) ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब या दोन आज्ञा द्यायच्या. दहा मिनिटांचं काम, म्हणून ते सगळ्यात शेवटी करावं.

फक्त आज्ञा पूर्ण करताना भाचा विचारेल, "मामा, डिस्क कुठली? एसडीए की एसडीबी?"

"पहिली कुठली दिसते, तीच टाक."