फटका आणि कुलूप

धाकट्या भावाचा फोन विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मध्ये गेला. दारात उभा होता, लोकल जरा मंदावली आणि रुळांकडेच्या खांबावरून कुणीतरी त्याच्या मनगटावर काठी हाणली. फोन खाली, गाडी पुढे. नशीब, त्याने मागे उडी मारली नाही. अशा उडीत पाय गमावलेली माणसं मुंबईने पाहिली आहेत.

तक्रार द्यायला गेला तर ‘चोरीला’ऐवजी ‘गहाळ’ लिहा, असा सल्ला मिळाला. त्याच कागदावर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो, पण ओटीपीसाठी आधी त्याच नंबरचं नवं सिम काढायचं. आणि पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे खोक्यावर छापलेला फोनचा ओळख क्रमांक, कुणाला पाठ असतो? आईने फोनचा खोका कपाटात साड्यांखाली जपला होता, म्हणून निभावलं.

मी सॅन होजेत राहतो. कॅलिफोर्नियात २०१४ साली कायदा झाला : १ जुलै २०१५पासून बनलेला आणि इथे विकला जाणारा स्मार्टफोन मालकाला दुरूनच निकामी करता आला पाहिजे, आणि फोन पहिल्यांदा सुरू करतानाच ही सोय समोर आली पाहिजे. नको असेल तर मालकाने बंद करावी. मोबाइल सेवा कंपन्यांनी विरोध केला, विधेयक आधी राज्याच्या सेनेटमध्ये एकदा पडलंही.

आपल्याकडे २०२५च्या अखेरीस केंद्राने प्रत्येक नव्या फोनवर संचार साथी ॲप आधीच टाकून द्या म्हटलं, गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली. घरच्या ग्रुपवर काका म्हणाले, “चोरी थांबत असेल तर असू दे की!” भाऊ उखडला, “फोन माझा, ॲप त्यांचं?”

मी भावाच्या बाजूचा, पण काकांची तळमळही खोटी नाही. सक्ती हवीच, ती फोन बनवणाऱ्यावर. कुलूप त्याने लावून द्यावं, किल्ली मालकाकडे असावी. सरकारने आयएमईआयची काळी यादी सांभाळावी आणि ‘गहाळ’ लिहिण्याची सवय मोडावी. अर्थात खांबावरच्या पोराला यातलं काही दिसत नाही. बंद फोनचा स्क्रीन आणि कॅमेराही सुटे विकले जातात. इथेही कुलपाने चोऱ्या संपल्या नाहीत.

भावाने परवा नवा फोन घेतला. आईने आधी खोका मागून घेतला.