चक्का, काका आणि असुरक्षित मी

डेअरीत अर्धा किलो चक्का घेतला, फोन क्यूआर कोडसमोर धरला, आणि बँकेच्या ॲपने लाल अक्षरांत जाहीर केलं: तुमचं उपकरण सुरक्षित नाही. कालपर्यंत चालत होतं. रात्री ॲप अपडेट झालं आणि त्याला माझं चारित्र्य कळलं.

चारित्र्य म्हणजे लिनेजओएस. 2016च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती बंद पडली, तेव्हा स्वयंसेवकांनी पुढे चालवलेलं मुक्त अँड्रॉइड. माझा फोन ठणठणीत, पण कंपनीने अपडेट थांबवून त्याचं श्राद्ध घातलेलं. मी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, कंपनीने लावलेलं कुलूप उघडलं, हे चढवलं. पैसे शून्य, पॅच, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारी ठिगळं, ताजी.

मागच्या काकांनी खांद्यावरून स्क्रीन वाचली. मोठ्याने.

"असुरक्षित? चोरीचा आहे का हो ताई?"

"नाही. वेगळी सिस्टिम टाकलीय."

"कोणी?"

"मीच."

काकांनी दुधाची पिशवी लांबच्या हातात घेतली. "म्हणजे तुम्ही हॅकर."

"मुक्त सॉफ्टवेअर आहे काका. कोड सगळ्यांना उघडा असतो."

"ऐकलंत?" काका डेअरीवाल्याला म्हणाले. "सगळं उघडं टाकलंय! बँक घाबरणार नाही तर काय? आमचा पुतण्या सायबरमध्ये आहे, त्याला विचारतो."

पुतण्या सायबर कॅफेत झेरॉक्स काढतो, हे डेअरीवाल्याने हळूच सांगितलं.

खरं तर ही हौस आपल्याकडे जुनी. 2001 साली बंगळुरूच्या प्राध्यापकांनी लिनक्स या मुक्त सिस्टिमवर चालणारा, हातात मावणारा सिम्प्युटर नावाचा संगणक आणला होता, साध्या माणसाला परवडावा म्हणून. चालला नाही. पुढे लिनक्सवरच चालणारा, 149 डॉलरचा पाइनफोन आला. मागचं झाकण काढलं की कॅमेरा आणि माइक बंद करायची खरीखुरी बटणं. मला तो फार आवडतो. पण त्यावर बँक? विसरा. स्वस्त, मुक्त फोन घ्यायला कोणी अडवत नाही. फक्त चक्का घेता येत नाही.

"तुमचा बघू," मी म्हटलं. काकांनी अभिमानाने दिला. काचेला उभी चीर. सेटिंग उघडलं: शेवटचा सुरक्षा पॅच 2019चा. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक त्या फोनमध्ये सुखाने नांदत असणार. पण बूटलोडरला कंपनीचं कुलूप शाबूत, म्हणून ॲपच्या लेखी काका सज्जन. कुलूप आहे का, एवढंच बघायचं. भिंत पडली तरी चालेल. हा काय न्याय झाला? आणि तक्रार करायची कुठे? हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "मॅम, नवीन फोन घ्या." चांगला चालणारा फोन कचऱ्यात टाकून हप्त्यावर दुसरा घ्यायचा, कशासाठी, तर दह्याच्या दुकानात लाज राहावी म्हणून!

रांग कुरकुरायला लागली. काकांनी उदारपणे स्वतःच्या फोनवरून माझे पैसे भरले. स्पीकर आनंदाने ओरडला.

"संध्याकाळी आणून देते," मी म्हटलं.

"रोखच द्या," काका फोन छातीशी धरत म्हणाले. "त्याच्यावरून काही पाठवू नका. आमच्या फोनला लागण व्हायची."