सायकलवाला दिसला नाही, की आपण बघितलं नाही?

नागपुरातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, त्यांना लायसन्स नाही, अंधारात ते दिसतही नाहीत; तेव्हा धडक बसली तर चूक त्यांचीच. खाली अंगठ्यांची रांग.

टॅक्सचं आधी उरकतो. वाहन कर जातो राज्य सरकारकडे. आपल्या गल्लीबोळांचे रस्ते करते महापालिका, आणि तिला लागणारा मालमत्ता कर सायकलवाल्याच्या घरावरही असतो. लायसन्स मागतात ते इंजिन हाकणाऱ्याला, कारण त्याच्या हातून माणूस मरू शकतो.

अंधाराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. हिंगणा एमआयडीसीतून रात्रपाळी करून निघालेला कामगार, अंगात काळपट शर्ट, मागच्या मडगार्डला रेडियम नाही. मी स्वतः दोनदा ऐनवेळी ब्रेक दाबलाय. सायकलला मागे लाल दिवा हवा, आणि राँग साइडने येणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

पण उरलेला अर्धा हिशेब करा. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेस्तोवर दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर; कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक. झाले ४५. डिपरच्या उजेडात काळा शर्ट तेवढ्या लांबून दिसेलच असं नाही. तीच गाडी ४० ने चालवली तर २६ मीटरच्या आसपास थांबते. समोरून कुणी अप्परवर येत असेल, तर डोळे दिपतात ते वेगळंच.

आणि दिवसाउजेडी काय? संध्याकाळी अमरावती रोडने वाडीकडे निघा: सूर्य थेट डोळ्यांत, काचेवर धूळ. तिथे सायकलला दहा दिवे लावून काय होणार? काच पुसणं नि वेग कमी करणं ड्रायव्हरच्याच हाती. धरमपेठेत कार लावून, मागे न बघता दार उघडणाऱ्याला तर अंधाराचीही सबब नाही.

राहिलं ‘चूक त्यांचीच’. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सायकलस्वाराचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते. ड्रायव्हरचा वाटा त्याच्या नावावर राहतोच.

काल आमच्या वॉचमनभाऊंच्या सायकलला रेडियमची पट्टी लावून दिली. मेसेज टाकणाऱ्या काकांच्या कारचा डावा हेडलाइट दिवाळीपासून बंद आहे, तेही त्यांना सांगून आलो.