‘डीलरकडे फिरकूच नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सारांश असा: घोडबंदर रोड असो की सानपाडा-तुर्भे, जुन्या गाड्यांच्या डीलरकडे फिरकूच नका. ते मीटर मागे फिरवतात, पुरात बुडालेल्या गाड्या गळ्यात मारतात, वर किमतीवर १८ टक्के जीएसटी लावतात. त्यापेक्षा थेट मालकाकडून घ्या, मालकी बदलायच्या आरटीओ फॉर्म २९-३० वर सह्या घ्या, इन्शुरन्स गाडीबरोबर येतोच. आणि टोकन, म्हणजे गाडी अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, रोखीत देऊ नका.

डीलरांची वकिली करायची मला हौस नाही. ‘डॉक्टरांची गाडी आहे साहेब, फक्त क्लिनिकला जायची’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. ठाण्यात इतके डॉक्टर आहेत तरी कुठे? पण हा मेसेज माणसाला ज्या दिशेने पाठवतो, तिथे फसल्यावर दाद मागायला कुणी सापडत नाही.

आधी जीएसटी, कारण तिथे सरळ हिशेबच चुकलाय. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने जुन्या गाड्यांसाठी सरसकट १८ टक्के दर ठरवला. काही लहान गाड्यांवर तो आधी १२ होता. मात्र हा कर लागतो डीलरच्या मार्जिनवर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. साडेचार लाखांना घेतलेली गाडी त्याने पाच लाखांना विकली, तर कर ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार. मेसेजच्या हिशेबाने तो पूर्ण पाच लाखांवर, म्हणजे ९० हजार होतो. हे कुठून आलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. डीलर ‘जीएसटी वेगळा’ म्हणून पाच लाखांवर १८ टक्के सांगत असेल, तर तिथून खुशाल उठा.

मीटरचं म्हणाल तर तो मागे करून देणारा माणूस गिऱ्हाईक डीलर आहे की मालक, हे विचारत बसत नाही. तपासायची असते गाडी. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर २२ हजारांवर आणि चारही टायर २०२१ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले, हा प्रश्न विचारायलाच हवा. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर पाहा. गुळगुळीत झालं असेल तर २२ हजार विसरा. आणि ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मागा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदवलेले असतात, मागे केलेलं मीटर तिथे उघडं पडतं.

पुराचं तर मला हसूच आलं. वंदना टॉकीजपाशी पाणी भरतं तेव्हा बुडालेली गाडी कुणाच्या तरी घरचीच असते ना? ती विकायला काढतो तो मालकच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग पुसून लख्ख केलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या टोकाला मातकट रेघ राहून जाते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. तिथला गंज पॉलिशने जात नाही.

खरी मेख कागदात आहे. ‘सह्या घेतल्या की झालं’ हा सल्ला सगळ्यात घातक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर फिरवली, आणि मग कळलं की आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच आहे, तो उतरवायचा फॉर्म ३५ झालेलाच नाही, तर त्या ‘थेट मालका’ला शोधायचं कुठे? तो तोवर पुण्याला गेलेला असतो. विकणाऱ्याचीही सुटका नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

शिवाय जाहिरातीतला ‘मालक’ मालक असेलच असं नाही. भेटायला आलेल्याचं ओळखपत्र आणि आरसीवरचं नाव जुळवा. ‘मेव्हण्याची गाडी आहे हो’ असं उत्तर आलं, तर तो बहुधा दलाल, आणि तोही दुकान नसलेला.

दुकानवाल्याला मात्र १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू आहेत. त्याने आरटीओकडून जुन्या गाड्या विकायचं प्राधिकारपत्र घ्यायचं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९सी मधून तसं आरटीओला कळवलं जायला हवं. मग ती गाडी त्याच्या हाती असेपर्यंत तोच मालक मानला जातो आणि कागदांची जबाबदारी त्याची. म्हणून आत शिरल्यावर पहिल्यांदा प्राधिकारपत्र मागा. नसेल तर तोही दलालच, मग एसी कितीही गार असो. असेल तर पक्कं बिल घ्या आणि त्यावर मीटरचा आकडा, ‘पुरात बुडालेली नाही’, ‘मोठा अपघात नाही’ हे लिहून घ्या. पुढे खोटं निघालं तर दोन वर्षांच्या आत ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. घरची गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध ही वाट नाही. तो व्यापारी नसतो.

इन्शुरन्स अर्धाच गाडीबरोबर येतो. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, चालू राहतो. पण पॉलिसी तुमच्या नावावर झाली नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवायचं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही.

टोकन रोखीत देऊ नका, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर लिहिलंय. फक्त पुढचं राहिलं: पावतीवर चॅसिस नंबर घाला आणि सर्व्हिस हिस्ट्री जुळली नाही तर टोकन परत, हे डीलरच्या सहीनिशी लिहून घ्या. चॅसिस नंबरचे शेवटचे चार आकडे हाताशी असले की ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेला दंडही तिथल्या तिथे बघता येतो, आणि तो किमतीतून वजा करून मागता येतो.