मामा, तुला काय होतंय?

"एवढा आटापिटा कशाला? इंग्रजी भाषांतर समोर ठेव, त्यावरून मराठी कर. मूळ जर्मन कोण ताडून बघणार आहे?" परवा एका मित्राने प्रेमानेच सुचवलं. फोनवर त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

दिवसा मी यंत्रांची जर्मन मॅन्युअल्स मराठीत आणते, पोट त्यावर चालतं. रात्री वोल्फ्राम फॉन एशेनबाखचं 'पार्त्सिफाल' वाचते. साधारण १२०० ते १२१० या काळातलं काव्य, सुमारे २५ हजार ओळी, जोडीजोडीने यमक. आजचं जर्मन येणाऱ्याला ही भाषा ओळखीची वाटते आणि तिथेच तो फसतो. स्वरांचं काही नाही. आजचं 'माइन नॉयेस हाउस' तेव्हा 'मीन न्यूवेस हूस' होतं, एकदा कान बसला की झालं. घात करतात ते चेहरा तोच ठेवून अर्थ बदललेले शब्द. 'निबेलुंगेनलीड' या त्याच काळातल्या वीरकाव्याच्या सुप्रसिद्ध पहिल्या कडव्यात 'होखगेत्सीत' येतं. आज 'होखत्साइट' म्हणजे लग्न, म्हणून मी बेधडक 'लग्नं' लिहून मोकळी झाले. तेव्हा त्याचा अर्थ होता मोठा उत्सव. त्याच कडव्यातल्या 'आरेबेइत'चं मी 'काम' केलं; ते निघालं कष्ट, हालअपेष्टा. वीरांच्या हालअपेष्टांची मी नोकरी करून टाकली होती! आणि दोन आठवडे ते पान स्वतःशीच मिरवत होते.

पण मित्राला खरं सांगायचं होतं ते 'मामा'बद्दल.

कथा अगदी थोडक्यात: पार्त्सिफाल हा रानात वाढलेला, जगाची काही कल्पना नसलेला पोरगा. सरदार व्हायला निघतो. गुर्नेमान्त्स नावाचा जुना जाणता त्याला शिकवतो की फार प्रश्न विचारू नयेत. पोरगा ते इतकं मनावर घेतो की पुढे ग्राल नावाची पवित्र, चमत्कारी वस्तू जिथे जपलेली असते त्या किल्ल्यात आन्फोर्तास राजाला वेदनेने तळमळताना पाहूनही गप्प राहतो. एक प्रश्न विचारला असता तर राजा बरा झाला असता. सकाळी किल्ला ओस. मग वर्षानुवर्षांची वणवण, आणि अखेर तो परत येऊन विचारतो: 'ओहेइम, वास विर्रेत दिर?'

इंग्रजीत 'ओहेइम'चं होतं 'अंकल'. आजच्या जर्मनमध्येही बोलताना 'ओंकेल'च, त्यात काका-मामा-आत्याचा नवरा सगळे एका पोत्यात. पण वोल्फ्रामच्या भाषेत 'ओहेइम' म्हणजे मुळात आईचा भाऊ. बापाचा भाऊ 'फेतर', बापाची बहीण 'बासे', आईची बहीण 'मुओमे'. काका, आत्या, मावशी! आन्फोर्तास हा पार्त्सिफालच्या आईचा, हेर्त्सेलोयडेचा सख्खा भाऊ. ज्याच्याकडून त्याला हे कळतं तो तपस्वी त्रेव्रित्सेंट, तोही मामाच. वाटेत भेटून त्याला त्याचं नाव सांगणारी सिगुने मावसबहीण. ग्राल वाहून आणणारी रेपान्से मावशी. (ही मावशी शेवटी त्याच्या सावत्र भावाशी लग्न करते, म्हणजे वहिनी होते. ती दोघं पुढे हिंदुस्थानात जातात. वोल्फ्राम सांगतो, आम्ही म्हणतो इंडिया, तिकडे त्याला ट्रिबालिबोट म्हणतात. तर मंडळी, आपण ट्रिबालिबोटचे.) हे सगळं आजोळचं गोत आहे. इंग्रजीवरून आले असते तर मला आधी वंशावळ मांडून बसावं लागलं असतं. मुळावरून आले तर 'मामा' लिहिलं आणि काम झालं.

दुसरी मौज अशीच. हा सावत्र भाऊ फायरेफित्स, अंगाने काळा-पांढरा ठिपक्यांचा. दोघं एकमेकांना न ओळखता लढतात, पार्त्सिफालची तलवार मोडते, फायरेफित्स आपली फेकून देतो. नातं कळतं. तेव्हा फायरेफित्स म्हणतो, आता मला 'इर्त्सेन' करू नकोस, आपला बाप एक. पार्त्सिफाल अवघडतो: तुम्ही वयाने मोठे, श्रीमंतीने मोठे, मी कसं 'दुत्सेन' करू? पुढे ग्रालचा राजा झाल्यावर मात्र म्हणतो, आता आपली श्रीमंती जवळपास सारखी, आता चालेल. इर्त्सेन म्हणजे अहो-जाहो करणं, दुत्सेन म्हणजे अरे-तुरे करणं. आजच्या इंग्रजीत इथे दोन्हीकडे 'यू'. मराठीत एका शब्दाची टीप लागत नाही.

सगळंच इतकं सोपं जातं असं मुळीच नाही. आधी ओवीत करून पाहिलं, तर पोथी झाली. वोल्फ्राम पोथी वाचणारा नाही, खट्याळ आहे. वेढ्यातल्या उपाशी शहराचं वर्णन करताना मध्येच सांगतो की माझ्या स्वतःच्या घरात उंदीरसुद्धा 'फार क्वचित' खूश होतो. त्या भाषेत 'फार क्वचित' म्हणजे 'कधीच नाही', बोलायची ती तऱ्हाच. मुळात यमक 'हूस' आणि 'मूस', घर आणि उंदीर. ते मला मराठीत अजून सापडलेलं नाही. यमकच सोडून दिलं, आणि त्याचं वाईट वाटतं.

राहिला तो प्रश्न. 'दिर' म्हणजे 'तुला', त्यात शंका नाही. आमच्याकडे मामाला अरे-तुरे चालतं, काकांना नाही, त्यामुळे कानाला तेही बरोबर लागतं. घोडं अडतं 'विर्रेत'पाशी. आजच्या 'फेरविर्ट', म्हणजे गोंधळलेला, याचा तो पूर्वज. छळणं, अडचणीत टाकणं असा अर्थ. बरेच दिवस मी 'मामा, तुला काय सलतंय?' यावर खूश होते. आन्फोर्तासला विषारी भाल्याची जखम आहे, भाल्याचं पातं अंगात घेऊनच तो घरी आला होता. सलणं हा शब्दही 'शल्य'वरूनच. फिट्ट बसतं. पण फारच हुशार वाटतं. पार्त्सिफालला एव्हाना जखमेची सगळी हकीकत ठाऊक आहे, त्याला माहिती नकोच आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण जे विचारतो तेच तो विचारतोय. म्हणून काल रात्री 'सलतंय' खोडलं आणि 'होतंय' लिहिलं.

शेवटी 'रे' लावायचं का, ते अजून ठरत नाहीये. सध्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय.