‘अ‍ॅप्रेंटिस म्हणजे फुकटचा मजूर’: भाच्याने पाठवलेल्या फॉरवर्डला उत्तर

माझा भाचा चाकणला एका कंपनीत ‘ट्रेनी’ आहे. गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर, रात्री साडेबाराला, त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे खरंय ना?’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच मजकूर आणखी तीन ग्रुपांवर येऊन पडला. एक आमच्या आयटीआयच्या जुन्या बॅचचा, एक सोसायटीचा, एक गावाकडचा.

मजकूर थोडक्यात असा: ‘पुण्याच्या तरुणांनो, जागे व्हा. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे कायद्याने दिलेला फुकटचा मजूर. कंपन्या आणि आयटीआय यांचे करार म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम, त्यातून एकालाही नोकरी लागत नाही. रोबोट आले, आता फिटर-टर्नरला कुत्रं विचारत नाही. ८० टक्के स्थानिकांचा कायदा असून भरती बाहेरच्यांची. उपाय एकच, करार बंद करा आणि १०० टक्के भूमिपुत्र कायदा आणा.’ शेवटी तीन मशाली आणि ‘पुढे पाठवा’.

मी भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि फिक्स्चर बनवणाऱ्या विभागात, सत्तावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा अ‍ॅप्रेंटिस पोरांवर देखरेख करण्यात गेली. त्यामुळे हा फॉरवर्ड वाचून राग आला, आणि मधूनमधून मान डोलावीशीही वाटली. दोन्ही का, ते सांगतो.

‘अ‍ॅप्रेंटिस म्हणजे फुकटचा मजूर.’ इथे वडाची साल पिंपळाला लावली आहे, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अ‍ॅप्रेंटिस हा शब्द कुणीही कुणालाही चिकटवावा असा नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याची व्याख्या करतो. कंपनी आणि मुलगा यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, त्याला क्रमांक मिळतो. ट्रेड (फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असा व्यवसाय) ठरलेला, मुदत ठरलेली, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये असं ठरलं, आयटीआय झालेल्याला ७,०००. सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम घेता येत नाही.

आता चाकण-रांजणगाव पट्ट्यात ज्यांना ‘ट्रेनी’ म्हणतात त्यांचं बघा. यातल्या कितीतरी पोरांकडे असा करार नसतोच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आणली होती. हेतू चांगला होता, पण एजन्सीमार्फत पोरं लाइनवर उभी करायची, वर्ष-दोन वर्षं उत्पादन काढून घ्यायचं, मग पुढची बॅच, असा तिचा वापर झाला आणि कामगार संघटनांनी त्यावर आवाज उठवला. २०२२ च्या अखेरीस परिषदेनेच ती योजना गुंडाळली. योजना गेली, सवय राहिली. २०२४ मध्ये राज्य सरकारची युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००, तेही सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. लोक तिला ‘लाडका भाऊ’ म्हणतात. तीही अ‍ॅप्रेंटिसशिप नव्हे. या सगळ्यांची पापं फॉरवर्डवाल्याने एकाच खात्यावर मांडली.

ओळखायची एक सोपी खूण आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेत असा नियम आहे, आणि त्या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरतात. म्हणजे चारशे माणसांच्या कारखान्यात दहा ते साठ. गेटवर सकाळी सातला उभं राहून मोजा. चारशेतली दोनशे पोरं ‘ट्रेनी’च्या पिवळ्या बिल्ल्याने आत जात असतील, तर बहुतेक जण कायद्याने अ‍ॅप्रेंटिस असूच शकत नाहीत. तो वेगळा रोग आहे, त्याचं औषधही वेगळं.

फॉरवर्डमध्ये तथ्य आहे ते असं. कायदा अ‍ॅप्रेंटिसला ‘कामगार’ मानत नाही, शिकाऊ मानतो, त्यामुळे कामगार कायद्यांचं बरंचसं संरक्षण त्याला मिळत नाही. त्याला शिकवण्याऐवजी भलत्या कामाला जुंपलं, तर २०१४ च्या दुरुस्तीने ठेवलेला दंड प्रत्येक वेळी १,००० रुपये. जागा रिकाम्या ठेवल्या तर पहिले तीन महिने जागेमागे महिना ५००, पुढे १,०००. मोठ्या कारखान्यात एका शिफ्टचा चहा-वडापाव याहून महाग पडतो. अशा दंडाला कोण भितंय?

आणि खरं बोलायचं तर पाप माझ्याही हातून घडलंय. एका वर्षी ऑर्डरचा इतका रेटा होता की दोन अ‍ॅप्रेंटिस पोरांना आम्ही आठ महिने नुसतं डीबरिंग (पार्टच्या कडा घासून साफ करणं) आणि पॅकिंगला बसवलं. सरफेस ग्राइंडरला त्यांनी हातही लावला नव्हता. लॉगबुकात मात्र मी आठवड्याच्या आठवड्याच्या सह्या एकदम ठोकल्या. त्यातला एकजण परीक्षेत प्रॅक्टिकलला नापास झाला. माझ्यासमोर काही बोलला नाही, पण नंतर कधी भेटायलाही आला नाही. पोरगा ‘फुकटचा मजूर’ होतो तो असा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, माझ्यासारख्याने डोळे मिटून सही केली की पुरतं.

‘करार म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम, एकालाही नोकरी लागत नाही.’ पहिला अर्धा भाग मी निम्मा मान्य करतो. फीत, फेटा, गुच्छ, सामंजस्य करार, पुढच्या वर्षी त्याच संस्थेत त्याच गंजलेल्या लेथवर पोरं. हे पाहिलंय. ‘एकालाही’ मात्र धादांत खोटं. हे शहर मुळात उभं राहिलं तेच शिकवून. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) साठच्या दशकात पिंपरीत बस्तान बसवलं तेव्हा आधी टूलरूम आणि अ‍ॅप्रेंटिसचं प्रशिक्षण सुरू झालं, इथली पहिली गाडी बाहेर पडायला १९७७ उजाडलं. तिथे शिकलेले कितीतरी जण पुढे भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःचे वर्कशॉप टाकून बसले. माझे पहिले फोरमन त्यांतलेच. अलीकडचंही आहे. मर्सिडीजने शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅट्रॉनिक्सचा (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) अभ्यासक्रम चालवला, फोक्सवॅगनने चाकणला जर्मन पद्धतीची मेकॅट्रॉनिक्स अ‍ॅप्रेंटिसशिप आणली. वर्गातलं शिक्षण आणि शॉपफ्लोअर अशी विभागणी असलेली दुहेरी पद्धत केंद्राने २०१६ पासून आयटीआयलाही खुली केली. अशा बॅचमध्ये पोरं थोडी असतात, हे खरं. पण ती बेकार फिरताना मी पाहिलेली नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. करार होतात बड्या कंपन्यांशी आणि आयटीआय सुटलेल्या पोराला पहिली नोकरी लागते बहुधा त्या कंपनीला माल पुरवणाऱ्याच्याही पुरवठादाराकडे. भोसरीच्या एखाद्या गाळ्यात, बारा माणसं, चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), मालक स्वतः डिस्पॅच बघतो. चार ते एकोणतीस माणसांच्या अशा जागांना अ‍ॅप्रेंटिस घेता येतात, सक्ती नाही. पण त्याच्याकडे एचआर नाही, पोर्टल भरायला माणूस नाही, आणि त्याच्याकडे फक्त मिलिंग होतं. वायरकट (तारेने धातू कापणं) दुसऱ्या गाळ्यात, हीट ट्रीटमेंट तिसऱ्याच गल्लीत. एकट्याने तो पोराला पुरा ट्रेड शिकवणार तरी कसा?

याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय, याची गंमत वाटते. कलम ८ म्हणतं की अनेक मालक मिळून, किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, एकत्र अ‍ॅप्रेंटिस घेऊ शकतात आणि त्यांना आपापल्या कारखान्यांत फिरवत शिकवू शकतात. चार महिने मिलिंग, तीन महिने वायरकट, पुढे असेंब्ली. भोसरीच्या एका ब्लॉकमधल्या आठ गाळ्यांनी हे केलं तर तिथून निघणारा पोरगा बड्या कंपनीच्या पोरापेक्षा जास्त हरहुन्नरी होईल, माझी पैज. मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था १९३४ पासून या शहरात आहे, लघुउद्योजकांच्या संघटना आहेत. मोठ्या कंपनीबरोबरच्या दहा फोटोंपेक्षा अशी एक मोळी बांधून द्यावी, असं मी त्यांच्या जागी असतो तर म्हटलं असतं.

प्रशिक्षण एकाच कंपनीच्या दावणीला का बांधू नये, ते तळेगावने दाखवलं. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला, पण जुने कामगार आपोआप नव्या मालकाकडे गेले नाहीत, वाद कोर्टकचेऱ्यांत गेला. गेटवरची पाटी बदलते तेव्हा माणसाच्या खिशात सगळीकडे चालणारं प्रमाणपत्र असलं तर त्याला दुसरं गेट तरी शोधता येतं.

नोकरीची हमी कायदा देत नाही, हेही सांगून टाकतो. मात्र २०१४ पासून प्रत्येक मालकाने शिकून झालेल्या अ‍ॅप्रेंटिसना घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. ‘तुमचं धोरण दाखवा’ असं विचारणारा पालक मला अकरा वर्षांत एकही भेटला नाही. मुलाखतीला आलेल्या वडिलांचा प्रश्न एकच असायचा, ‘कॅन्टीन आहे ना?’

‘रोबोटमुळे फिटरला कुत्रं विचारत नाही.’ रोबोटचा पंजा, त्याच्यासमोरचं फिक्स्चर (पार्ट घट्ट धरणारी जोडणी) आणि ते फिक्स्चर दोन दशांश मिलिमीटर सरकलं की रात्री तीनला दुरुस्त करणारा माणूस कुठून येतो? टूलरूममधून. क्रँकशाफ्ट आणि पिस्टनवर जगणाऱ्या गाळ्यांना विजेच्या गाड्यांची भीती वाटते ती रास्त आहे. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखच नाही.

‘८० टक्क्यांचा कायदा असून भरती बाहेरच्यांची.’ आधी एक दुरुस्ती: हा कायदा नव्हे, शासन निर्णय आहे. २००८ च्या निर्णयात पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक असं म्हटलंय, आणि त्याचा मुख्य जोर सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांवर. ‘स्थानिक’ म्हणजे चाकणचा किंवा खेड तालुक्याचाही नव्हे. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला कुणीही स्थानिकच. बीडचा, लातूरचा, बुलढाण्याचा पोरगा या हिशेबात स्थानिक आहे, आणि म्हाळुंग्यात खोल्या भाड्याने देणाऱ्याच्या तोंडी मात्र ‘बाहेरचा’. जमीन गेलेल्या घरातल्या पोराचं दुखणं खरं आहे, पण ते या आकड्यात मोजलंच जात नाही. फॉरवर्ड नक्की कुणाला बाहेरचा म्हणतोय? सोसायटीच्या ग्रुपवर तो पाठवणारे गृहस्थ स्वतः १९९० च्या सुमारास सोलापूरहून आले.

त्या लातूरच्या पोराचा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा. ७,००० विद्यावेतन, त्यात कॉट बेसिसवर खोली, खानावळ, शेअर रिक्षा. महिनाअखेरीला घरून पैसे मागवावे लागतात. म्हणून तो अ‍ॅप्रेंटिसशिप अर्ध्यात सोडून ओव्हरटाइम देणाऱ्या ठेकेदाराकडे जातो. करार करणाऱ्या कंपन्यांनी बसचा पास आणि एक वेळचं जेवण जोडलं तरी गळती थांबेल. माझ्या देखरेखीखालची जी पोरं सोडून गेली, त्यांतली बहुतेक खोलीच्या भाड्याने गेली, कामाच्या कंटाळ्याने नाही.

‘उपाय एकच, १०० टक्के भूमिपुत्र कायदा.’ हरयाणाने महिना ३०,००० रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा २०२२ मध्ये लागू केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये तसं विधेयक मंत्रिमंडळात मंजूर केलं आणि दोन-चार दिवसांत थांबवलं. पंचाहत्तर टिकले नाहीत तिथे शंभर कसे टिकणार, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं.

हे सगळं भाच्याला एवढं लांबलचक लिहिलं नाही. त्याला म्हटलं, तुझा कागद पाठव. त्याने फोटो धाडला. लेटरहेड कंपनीचं नव्हे, ठेकेदाराचं. पद ‘ट्रेनी’, मुदत अकरा महिने. ट्रेडचं नाव नाही, कराराचा क्रमांक नाही. पोरगा आयटीआय इलेक्ट्रिशियन, काम करतो डोअर फिटिंगच्या लाइनवर. ओटी विचारली. ‘बहुतेक रोज, मामा.’

मी लिहिलं, ‘अरे, तू अ‍ॅप्रेंटिस नाहीसच.’ त्याचं उत्तर आलं, ‘मग फॉरवर्ड खराच की माझ्यापुरता.’

यावर मला पटकन काही सुचलं नाही. मग त्याला म्हटलं, आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात, जा, इलेक्ट्रिशियन अ‍ॅप्रेंटिसच्या जागा कुठे रिकाम्या आहेत ते विचार, आणि जिथे जाशील तिथे आधी कराराचा क्रमांक माग. विद्यावेतन आत्ताच्या पगारापेक्षा कमी पडेल, खोलीच्या भाड्याचं मी बघतो. चाकणला त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणजे सरकारी कार्यालय उघडं सापडेल. या गुरुवारी जातो म्हणालाय.